जे हाती आलंच नाही, ते सोडायचं कसं?

क्लोई झाओनं ‘इटर्नल्स’ करायला नको होता, असं माझ्या ओळखीतली बरीच जाणती माणसं म्हणतात. ‘द रायडर’ आणि ‘नोमॅडलँड’ करणाऱ्या बाईनं मार्व्हलसाठी वीस कोटी डॉलरचा अतिमानवांचा सिनेमा करावा, हे त्यांच्या पचनी पडत नाही. आमच्या फिल्म सोसायटीत हा विषय निघाला की आवाज चढतात. मी माहितीपटांची संकलक. कमी पैशांच्या सिनेमातच हयात गेली, तेव्हा मी याच मंडळींच्या बाजूनं बोलेन असं सगळे धरून चालतात. मी त्या बाजूची नाही. का नाही, हे मला गीतेच्या अठराव्या अध्यायाचा आधार घेऊन जास्त नीट सांगता येतं, कारण प्रश्न सिनेमाचा दिसत असला तरी मुळात तो त्यागाचा आहे.

त्या अध्यायाची सुरुवात अर्जुनाच्या प्रश्नानं होते. संन्यास म्हणजे काय आणि त्याग म्हणजे काय, हे मला वेगवेगळं करून सांग, असं तो विचारतो. उत्तरात त्यागाचे तीन प्रकार येतात. नेमून आलेलं काम मोहापायी टाकलं तर तो तामस त्याग. त्रास होईल, देह शिणेल या भीतीनं टाकलं तर राजस. आणि काम करायचं, पण त्यातली आसक्ती आणि फळाची ओढ सोडायची, हा सात्त्विक. ज्ञानेश्वरीतला सगळ्यात मोठा अध्याय हाच. माझ्या वडिलांच्या पोथीत याच अध्यायाची पानं सर्वांत जास्त मळलेली होती. पण या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट धरून चाललेली आहे, आणि ती इतकी उघड आहे की कुणी बोलून दाखवत नाही. जे सोडायचं ते सोडणाऱ्याच्या हातात आहे. अर्जुनाच्या हातात गांडीव होतं, म्हणून ते खाली ठेवण्याला काही अर्थ होता. ज्याला धनुष्य कधी दिलंच गेलं नाही, त्यानं युद्ध सोडलं असं आपण म्हणत नाही.

पॅटी जेन्किन्सचं उदाहरण घ्या. तिचा पहिला सिनेमा ‘मॉन्स्टर’ २००३ सालचा. त्यातल्या भूमिकेसाठी शार्लिझ थेरॉनला ऑस्कर मिळालं. पहिल्याच सिनेमात आपल्या नटीला ऑस्करपर्यंत नेणारा दिग्दर्शक पुढे काय करतो, हे बघायला सगळं हॉलिवूड टपलेलं असतं. जेन्किन्सचा दुसरा चित्रपट आला २०१७ साली, ‘वंडर वुमन’. मधली चौदा वर्षं ती टीव्हीसाठी काम करत होती; मार्व्हलच्या दुसऱ्या ‘थॉर’साठी तिची निवड झाली आणि २०११ मध्ये ती त्यातून बाहेरही पडली. आता हे शेजारी ठेवून बघा. कॉलिन ट्रेव्हॉरोचा छोटा, स्वतंत्र ‘सेफ्टी नॉट गॅरंटीड’ २०१२ चा, आणि त्याचा ‘जुरासिक वर्ल्ड’ २०१५ चा. गॅरेथ एडवर्ड्सचा ‘मॉन्स्टर्स’ २०१० चा, ‘गॉडझिला’ २०१४ चा. तीन वर्षं, चार वर्षं. ही माणसं गुणी नव्हती असं मी म्हणत नाही. पण त्यांनी स्वतंत्र सिनेमा ‘सोडला’ म्हणून कुणी हळहळल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या बाबतीत ती बढती होती.

जेन्किन्सच्या त्या चौदा वर्षांना तपश्चर्या म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ते ऐकवत नाही. तपाला बसणारा आपल्या इच्छेनं बसतो. दार बंद असल्यामुळे बाहेर थांबलेल्या बाईला ‘तू किती निरिच्छ आहेस’ म्हणणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे, कारण त्यामुळे दार बंद करणाऱ्याची जबाबदारी नाहीशी होते. स्वतंत्र सिनेमाच्या गरिबीचं आपण फार सोवळं करून ठेवलं आहे. ती गरिबी मी आतून पाहिली आहे. डबिंगचे पैसे नाहीत म्हणून चांगला प्रसंग टाकून द्यावा लागतो. कॅमेरामन उधारीवर, ध्वनी मागाहून, आणि संकलकानं रात्री काम करायचं, कारण रात्री स्टुडिओचं भाडं कमी. यातून कधी कधी उत्तम काम होतं हे खरं. पण ते गरिबीमुळे होत नाही, ते करणारी माणसं तशी असतात म्हणून होतं.

तरीही नकार देणाऱ्या बाया आहेत, आणि माझ्या मते त्यागाचा खरा विचार त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा.

लुक्रेसिया मार्तेल अर्जेंटिनाची. ‘ला सिएनागा’, ‘झामा’ हे तिचे चित्रपट. २०१८ च्या मुंबईतल्या चित्रपट महोत्सवासाठी ती आली होती, तेव्हा तिनं एका वर्तमानपत्राला सांगितलेली हकीगत पुढे जगभर छापून आली. ‘ब्लॅक विडो’साठी मार्व्हलच्या लोकांनी तिला भेटीला बोलावलं होतं. त्यांना बाईच दिग्दर्शक हवी होती, कारण स्कार्लेट जोहॅन्सनच्या व्यक्तिरेखेकडे नीट लक्ष देणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. मारामारीच्या दृश्यांची काळजी तू करू नकोस, ती आम्ही बघून घेऊ, असं तिला सांगण्यात आलं. मार्तेलचं म्हणणं होतं की जोहॅन्सनला भेटायला तिला आवडलंच असतं, पण मारामारीची दृश्यंही तिला स्वतःलाच करायची होती. पुढे तो चित्रपट केट शॉर्टलंडनं केला.

मी ही बातमी वाचली तेव्हा एडिटवर बसले होते आणि काम थांबवून ती पुन्हा वाचली. अशा सिनेमांत मारामारीचे लांबलचक प्रसंग चित्रीकरणाच्या कितीतरी आधी संगणकावर कच्च्या रूपात रचले जातात. कॅमेरा कुठून येणार, कोण कुठे फेकला जाणार, कट कुठे पडणार, हे तिथेच ठरत जातं. दिग्दर्शक सेटवर पोहोचतो तोवर त्या भागाचा सांगाडा उभा झालेला असतो. म्हणजे मार्तेलला काम देऊ केलं होतं ते अर्धं. भावना तू सांभाळ, कृती आमच्याकडे. घरात कुणी रडलं तर बाईनं जवळ घ्यावं आणि जमिनीचा व्यवहार पुरुषांनी करावा, ही वाटणी आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मार्तेलनं काम नाकारलं असं म्हणण्यापेक्षा कामाची ही वाटणी नाकारली असं मी म्हणेन.

एव्हा ड्युव्हर्नेची गोष्ट जराशी वेगळी. तिला २०१५ मध्ये ‘ब्लॅक पँथर’बद्दल विचारलं गेलं. बोलणी झाली आणि तिनं नाही म्हटलं. कथेबद्दल दोन्ही बाजूंच्या कल्पना जुळत नव्हत्या, आणि जो चित्रपट पुढे आपल्या नावानं ओळखला जाणार तो खरोखर आपला असावा, असं तिचं सांगणं होतं. लक्षात घ्या, ही बाई काही श्रीमंत घरातून आलेली नव्हती. चित्रपटांच्या प्रसिद्धीचं काम करता करता ती दिग्दर्शनाकडे वळली. ‘आय विल फॉलो’ हा पहिला कथापट तिनं घरासाठी साठवलेल्या सुमारे पन्नास हजार डॉलरांत केला. तिच्या हातात एवढं मोठं काम आलं आणि तिनं ते खाली ठेवलं. याला मी त्याग म्हणते. पण तीन वर्षांनी याच बाईनं डिस्नेसाठी ‘अ रिंकल इन टाइम’ केला. दहा कोटी डॉलरांहून जास्त बजेटचा चित्रपट करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री दिग्दर्शक ठरली. मग आधीचा त्याग वाया गेला का? मला तसं अजिबात वाटत नाही. त्याग एकदा केला की जन्मभर पुरवायचा, असा काही नियम नाही. प्रत्येक काम समोर येतं तेव्हा त्याचा निवाडा नव्यानं करायचा असतो.

आता झाओकडे येते, कारण तिच्या बाबतीत हा प्रश्न आणखी खोल जातो. तिथे सोडण्याचा प्रश्न संपून कर्तेपणाचा प्रश्न सुरू होतो.

‘द रायडर’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. साउथ डकोटातल्या पाइन रिज या आदिवासी राखीव प्रदेशातला ब्रेडी जॅन्ड्रो हा खराखुरा घोडेस्वार. रोडिओच्या खेळात घोड्यावरून पडून त्याच्या डोक्याला जबर मार बसला. झाओनं त्यालाच नायक केलं. त्याचे वडील आणि बहीणही चित्रपटात त्याचे वडील आणि बहीणच आहेत. चित्रपटात एक प्रसंग आहे. ब्रेडी एका न माणसाळलेल्या घोड्याला वळण लावतो. हात पुढे करतो, मागे घेतो. मानेवरून, पाठीवरून हात फिरवतो. मग आडवा होऊन नुसतं वजन त्याच्या पाठीवर टाकतो आणि लगेच उतरतो. मग पुन्हा. माझ्यासारखीला अशा वेळी कात्री चालवायचा मोह होतो, कारण ‘काही घडत नाही’ असं वाटायला लागतं. इथे मुळीच घाई नाही. घोड्याचे कान फिरतात, ब्रेडीचा श्वास ऐकू येतो, आणि तो माणूस हे काम खरोखर जाणतो हे आपल्याला कळतं. नटाला शिकवून हे येत नाही. थांबायचं कसं हे ज्या दिग्दर्शकाला कळतं, तिलाच हे मिळतं.

आणि मग ‘इटर्नल्स’. लोक सांगतात ती कहाणी अशी: छोटे चित्रपट केले, ‘नोमॅडलँड’ला ऑस्कर मिळालं आणि मग मोठ्या पैशानं तिला ओढून नेलं. तारखा बघितल्या तर हे उभंच राहत नाही. मार्व्हलनं झाओचं नाव २०१८ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं. ‘नोमॅडलँड’चं चित्रीकरण त्याच सुमाराला सुरू होत होतं. ‘इटर्नल्स’चं चित्रीकरण २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२० च्या सुरुवातीला संपलं. ‘नोमॅडलँड’ला व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला तो त्यानंतर, आणि ऑस्कर २०२१ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे ती व्हॅनमध्ये राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबरोबर अमेरिकेच्या पश्चिमेकडे हिंडत होती तेव्हाच अतिमानवांचं काम तिच्या पदरात होतं. दोन्ही चित्रपट एकाच काळात एकाच मनात होते. शिवाय ‘नोमॅडलँड’ वितरित करणारी सर्चलाइट ही कंपनी २०१९ पासून डिस्नेची, आणि मार्व्हलही डिस्नेचीच. पवित्र आणि बाटलेला अशी जी रेघ आपण या दोन चित्रपटांमध्ये ओढतो, ती एकाच घराच्या अंगणात ओढलेली आहे.

गीतेचा तोच अठरावा अध्याय पुढे कर्माची पाच कारणं सांगतो: अधिष्ठान म्हणजे कर्माची जागा, कर्ता, करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. हे पाचही असताना जो स्वतःला एकट्याला कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असं तिथे म्हटलेलं आहे. मला हा विचार चित्रपटाला जितका लागू पडतो तितका दुसऱ्या कुठल्या कलेला लागू पडेल असं वाटत नाही. ‘नोमॅडलँड’चं संकलन झाओचं स्वतःचं, त्यासाठी तिला वेगळं नामांकनही होतं. ‘इटर्नल्स’चं संकलन दुसऱ्या दोघांचं, छायालेखन बेन डेव्हिसचं, आणि शेवटी पडद्यावर हलत राहणारी नावांची यादी कितीतरी वेळ पुरते. कर्ता एकच, असं कुणी म्हणूच शकत नाही. पण म्हणून ती कर्ता नाही, असंही होत नाही. पाच कारणांत कर्ता दुसरा आहे. त्याचं नाव यादीतून पुसलेलं नाही.

तिचा हात मला कुठे दिसतो, ते सांगते. बराच चित्रपट तिनं हिरव्या पडद्यासमोर न करता उघड्यावर, कॅनरी बेटांसारख्या ठिकाणी, उतरत्या उन्हात चित्रित केला. ही दृश्यं थेट कॅमेऱ्यातली आहेत, संगणकातली नाहीत, हे वरच्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, असं मार्व्हलचे प्रमुख केव्हिन फायगी यांनी तेव्हा म्हटलं होतं. पण उन्हापेक्षाही मला कथेतली गाठ महत्त्वाची वाटते. हे दहा अमर जीव सात हजार वर्षं पृथ्वीवर राहतात. माणसांचं राक्षसांपासून रक्षण करण्यासाठी आपल्याला पाठवलं आहे, अशी त्यांची श्रद्धा असते. मग त्यांना कळतं की आपण घडवलेली यंत्रं आहोत. पृथ्वीच्या पोटात एक नवा देव वाढतो आहे, माणसांची संख्या वाढली की तो जन्मणार आणि पृथ्वी फुटणार, आणि हे सगळं नीट पार पडावं एवढंच आपलं काम. आता काय करायचं? इकारिस म्हणतो, आज्ञा पाळायची. सर्सी म्हणते, नाही. ज्या दोघांचं लग्न गुप्तकाळातल्या भारतात लागलेलं आपण पाहिलेलं असतं, ते दोघं या एका प्रश्नावरून समोरासमोर उभे राहतात.

अकराव्या अध्यायात अर्जुनाला निमित्तमात्र व्हायला सांगितलं आहे. आपल्याकडे या उपदेशातलं समाधान फार सांगितलं जातं. भार आपल्यावर नाही, करणारा वेगळा आहे. ‘इटर्नल्स’ त्यातली भीती दाखवतो. ज्या योजनेचं आपण निमित्त आहोत ती योजनाच चुकीची असेल तर? एका कंपनीच्या वीसपंचवीस चित्रपटांच्या आखीव मालिकेत आपला एक चित्रपट बसवायला आलेल्या बाईनं नेमकी हीच कथा मन लावून सांगावी, हे मला हलवून गेलं. चित्रपट सगळा चांगला आहे असं मी म्हणत नाही. पात्रं फार आहेत, राक्षसांच्या लढाया कुणीही केलेल्या वाटाव्यात अशा आहेत, मध्यंतरानंतर गोष्ट स्पष्टीकरणांत अडकते. पण जिथे सर्सी आज्ञा मोडायचं ठरवते तिथे मला त्या घोड्याजवळ थांबलेली दिग्दर्शक ओळखू येते.

चित्रपटानं जगभरात चाळीस कोटी डॉलरांच्या आसपास धंदा केला, समीक्षकांनी झोडपला. इथे पाचवं कारण येतं, दैव. फळाची आशा धरू नये हे मान्य. पण फळाचा दंड सगळ्यांना सारखा बसत नाही, त्याचं काय करायचं? एलेन मेनं पॅरामाउंटसाठी १९७१ मध्ये ‘अ न्यू लीफ’ केला तेव्हा हॉलिवूडच्या स्टुडिओत बाई दिग्दर्शक जवळजवळ नव्हतीच. १९८७ चा तिचा ‘इश्तार’ कोसळला आणि त्यानंतर तिला दुसरा कथापट दिग्दर्शित करता आला नाही. त्या चित्रपटातले दोन्ही बडे नट पुढे कामं करत राहिले. पुरुषाचा चित्रपट पडला की तो त्याचा पडतो. बाईचा पडला की पुढच्या बाईला बैठकीत त्याचा जाब द्यावा लागतो. निष्काम कर्माचा उपदेश करणाऱ्यांनी आधी हा हिशेब सारखा करावा. झाओला पुढे ‘हॅम्नेट’ करता आला, २०२५ मध्ये तो लोकांनी उचलून धरला, याचा मला मनापासून आनंद आहे. तिला मिळालेली दुसरी संधी एलेन मेला मिळाली नव्हती.

आमच्या सोसायटीतले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांच्याकडून मी सिनेमा बघायला शिकले, ते यावर म्हणतात, “अगं, पण तिचा पिंडच छोट्या सिनेमाचा आहे. आपला पिंड सोडून माणसानं जाऊ नये.” ते गीतेचं नाव घेत नाहीत, पण बोलणं तिथलंच आहे. त्याच अठराव्या अध्यायात पुढे स्वभावातून आलेली चार वर्णांची कर्मं सांगितली आहेत, आणि आपला धर्म उणा असला तरी दुसऱ्याच्या धर्मापेक्षा बरा, असंही. ज्या अध्यायानं मला त्याग समजावला, त्याच अध्यायाचा हा भाग मी मान खाली घालून पुढे ढकलू शकत नाही. गीतेनं चातुर्वर्ण्याला तत्त्वज्ञानाचा आधार पुरवला, हा बाबासाहेबांचा आक्षेप होता. पिंड कोण ठरवणार, हा त्यातला खरा प्रश्न. ज्याला आयुष्यभर एकच काम करू दिलं, त्याचा पिंड त्याच कामाचा आहे असं म्हणणं फार सोपं असतं. मोठा पट, लढाया, समुद्र, हजार माणसं हाताळण्याचा पिंड बाईचा आहे की नाही, हे तिला ते दिल्याशिवाय कळणार कसं?

म्हणून ड्युव्हर्नेचा ‘ओरिजिन’ मला इतका महत्त्वाचा वाटतो. इझाबेल विल्करसनच्या ‘कास्ट’ या पुस्तकामागचा शोध त्यात आहे. अमेरिकेतला वंशभेद, नाझी जर्मनी आणि भारतातली जात एका धाग्यात येतात. त्यात पडद्यावर बाबासाहेब येतात, आणि आपल्या नांदेडचे अभ्यासक सूरज एंगडे स्वतःच्याच भूमिकेत दिल्लीत विल्करसनला भेटतात. मैला साफ करायला उतरण्याआधी अंगाला तेल चोपडणारी माणसं त्यात आहेत. मी तो प्रसंग पाहताना नेहमीसारखे कट मोजू शकले नाही. या चित्रपटासाठी तिनं स्टुडिओची वाट सोडून फोर्ड फाउंडेशनसारख्या धर्मादाय संस्थांकडून पैसे उभे केले. खर्च झाला तीन कोटी ऐंशी लाख डॉलर, म्हणजे स्वतंत्र सिनेमाच्या हिशेबानं प्रचंड. २०२३ मध्ये व्हेनिसच्या स्पर्धेत तो दाखवला गेला.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “म्हणजे शेवटी ती परत आलीच ना?” मी म्हटलं, परत कुठे? पन्नास हजारांच्या चित्रपटाकडे ती गेलेली नाही, आणि डिस्नेकडेही नाही. तीन देश, तीन काळ आणि शेकडो माणसं एका चित्रपटात बांधायचं बळ ती ‘सेल्मा’सारख्या कामांत आणि त्या दहा कोटींच्या सेटवर कमावूनच आली. उद्या तिनं पुन्हा स्टुडिओचं काम घेतलं तर मी ते आधी बघेन आणि मग बोलेन. आणि नाही घेतलं तर त्याला मी बिनदिक्कत त्याग म्हणेन, कारण सोडायला तिच्या हातात आता काहीतरी आहे.